किलोमागे किती?

समजा, साठ किलोचा एक शेतकरी आणि त्याची तीन वर्षांची, बारा किलोची मुलगी, दोघांनाही घोणस चावली आहे. दोघं एकाच जीपमधून ग्रामीण रुग्णालयात पोचतात. दोघांचेही पाय सुजलेत, आणि काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवूनही दोघांचं रक्त गोठत नाही. आता सर्पविषावरचा उतारा, ज्याला डॉक्टर एएसव्ही म्हणतात तो, मुलीला किती द्यायचा?

हा प्रश्न मी ओळखीच्या बऱ्याच जणांना विचारून पाहिला. शिकल्यासवरल्या माणसांचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: बापाच्या पाचवा हिस्सा. वजन पाचवा हिस्सा, तर औषधही पाचवा हिस्सा. खरं उत्तर आहे, बापाइतकाच. त्याला दहा व्हायल, तर तिलाही दहा.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. कारण मात्र अगदी सरळ आहे. उतारा मुलीच्या शरीरावर काम करतच नाही, तो सापाच्या विषावर काम करतो. आणि दात रुतवताना सापानं समोरच्याचं वजन विचारलेलं नसतं. आपल्याकडचा उतारा घोड्यांच्या रक्तातून काढतात. त्याच्या एका मिलीमध्ये घोणसाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करण्याची ताकद असावी असं प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे दहा मिलीच्या एका व्हायलला सहा मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, असं आपल्या सर्पदंश-उपचारांच्या नियमावलीत गृहीत धरलेलं आहे. भागाकार करून पाहा, दहाच्या आसपास येतो. तेवढंच विष बारा किलोच्या अंगात गेलं म्हणजे किलोमागे पाचपट झालं, त्यामुळे मुलीची अवस्था बापापेक्षा बिकट. तिथे कुणी पोरगी लहान म्हणून हात आखडता घेतला, तर तो तिच्या जिवाशीच खेळ होईल.

एकदा हे ध्यानात आलं की इतर औषधांकडेही निराळ्या नजरेनं बघावंसं वाटतं. पल्स पोलिओच्या रविवारी आईच्या कडेवरच्या दोन महिन्यांच्या बाळाला दोन थेंब, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या साडेचार वर्षांच्या दांडगोबालाही दोनच. लस शरीरभर पसरून काम करत नाही. ती संरक्षक पेशींना शत्रूची ओळख करून देते, आणि ओळख करून द्यायला माणूस किती किलोचा आहे याला फारसं महत्त्व नसतं. जंतांची गोळीही तशीच. शाळेत जंतनाशक दिनाला पहिलीतल्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल मिळते आणि दहावीतल्या मुलालाही तीच, कारण ती बरीचशी आतड्यातच राहते आणि तिचं गिऱ्हाईक तिथेच बसलेलं असतं.

मग वजन लागतं कुठे? औषध रक्तात उतरून अंगभर पसरायचं असेल, आणि त्या अंगानंच काही काळानं ते बाहेर टाकायचं असेल, तिथे. मुलांची बहुतेक औषधं याच प्रकारातली. तापाचं औषध त्यातलं सगळ्यात ओळखीचं.

दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री अकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. मुलीला १०२ ताप होता. डॉक्टरांची मागची चिठ्ठी हातात होती, तीवर पॅरासिटॅमॉल, साडेसात मिली असं लिहिलेलं. "पण अगं ताई, एवढं दिलं तर अर्धी बाटली एका वेळीच संपेल. असं कसं?" मी तिला म्हटलं, बाटलीवर बारीक अक्षरात काय आहे ते वाच. तिनं वाचलं: दर एक मिलीत १०० मिलिग्रॅम. सिरपची बाटली संपली होती, आणि तिच्या हातात होती ती धाकट्या बाळासाठी आणलेली ड्रॉप्सची. दोन्हींवर नाव एकच, पॅरासिटॅमॉल.

त्या रात्रीचा हिशेब मी अजून कुणालाही मांडून दाखवते. बालरोगतज्ज्ञ एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतात, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर ठेवतात, आणि दिवसभरात किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. भाची बारा किलोची. पंधराच्या दरानं बारा पंचे साठ, बारा दाहे वीसाशे, मिळून १८० मिलिग्रॅम. इथवर फक्त मुलगी आणि औषध, बाटली अजून आलेलीच नाही. आता बाटली घ्या. पाच मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर १८० मिलिग्रॅम भरतात साडेसात मिलीत. पाच मिलीत २५० मिलिग्रॅमचं असेल तर ३.६ मिलीत. आणि ड्रॉप्स असतील तर १.८ मिलीत. मुलगी तीच, ताप तोच, औषध तेच, आणि मापाचे आकडे तीन. चिठ्ठीवरचे साडेसात मिली ड्रॉप्सच्या बाटलीतून गेले असते तर ७५० मिलिग्रॅम झाले असते, म्हणजे किलोमागे साडेबासष्ट. दिवसभराची कमाल मर्यादा एका घोटात ओलांडली गेली असती.

तान्ह्यांचं औषध जास्त दाट का करतात, असं वाटेल. त्यांच्या तोंडात फार पातळ पदार्थ मावत नाही, आणि मावला तरी अर्धा बाहेर येतो. म्हणून थोडक्या थेंबांत जास्त औषध भरतात. सोय उत्तम आहे. फक्त बाटल्यांची अदलाबदल झाली की हीच सोय चौपट डोस देऊन बसते. म्हणून मुलांच्या बाबतीत "किती मिली?" हा प्रश्न अर्धाच असतो. मिलिग्रॅम किती आणि कुठल्या बाटलीतून, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

वजन हा आधार पूर्वीपासून एवढा पक्का नव्हता. प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळतात हे दाखवणारा आणि इजिप्तची चित्रलिपी उलगडायला हातभार लावणारा इंग्लंडचा थॉमस यंग पेशानं डॉक्टर होता. मुलांच्या डोसाचा एक नियम त्याच्या नावानं पुढे शंभर वर्षांहून जास्त चालला: मुलाचं वय घ्या, त्याला वय अधिक बारा यानं भागा, आणि मोठ्या माणसाच्या डोसाचा तेवढा हिस्सा द्या. तीन वर्षांच्या मुलीला तीन भागिले पंधरा, म्हणजे पाचवा हिस्सा. बारा वर्षांच्या मुलाला निम्मा. तोंडी करता येणारं गणित, आणि बरेचदा आश्चर्यकारकरीत्या जवळ जाणारं. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं वय शून्य, म्हणजे त्याचा डोसही शून्य! आणि याहून मोठी अडचण अशी की या नियमात एकाच वयाची सगळी मुलं सारखीच ठरतात.

ती सारखी नसतात, हे कुठल्याही अंगणवाडीत महिन्याच्या वजनाच्या दिवशी दिसतं. तुळईला टांगलेला काटा, त्याला अडकवलेली झोळी, झोळीतून लोंबणारे दोन पाय आणि घरभर आवाज. ताईंच्या तक्त्यावर तीन वर्षांची एक मुलगी साडेनऊ किलोवर असते, दुसरी सोळावर. यंगच्या नियमानं दोघींना एकच डोस मिळाला असता. आपल्याकडचे वैद्यकीय विद्यार्थी वयावरून वजनाचा अंदाज करायला शिकतात: एक ते सहा वर्षांत वयाची दुप्पट अधिक आठ. तीन वर्षांना चौदा. सरासरी मुलासाठी ठीक आहे, पण मेळघाटातल्या साडेनऊ किलोच्या मुलीसाठी तो अंदाज जवळजवळ दीडपट होतो. अमेरिकेत डॉ. जेम्स ब्रोझलो यांनी आणीबाणीच्या वेळेसाठी एक रंगीत फीत काढली: मूल आडवं असताना शेजारी फीत अंथरायची, टाच ज्या रंगावर येईल त्या पट्ट्यातले डोस वाचायचे. फार हुशारीची कल्पना. पण ती तिथल्या मुलांच्या मापानं बेतलेली, आणि आपली मुलं तेवढ्याच उंचीला सडपातळ, त्यामुळे फीत इथे वजन जास्त दाखवते. काट्याला पर्याय नाही.

आणि तरी काटा पुरत नाही. या विषयातला सगळ्यात चकित करणारा भाग मला वाटतो तो इथून पुढचा.

शंकराच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र आठवा. वरून पाणी घालायचं, तळाच्या भोकातून ते थेंबथेंब गळत राहतं. पात्रात पाणी एका ठराविक रेघेवर राखायचं असेल तर दोन गोष्टी माहीत हव्यात: पात्र केवढं आणि भोक केवढं. औषधाचंही असंच आहे. शरीर हे पात्र; यकृत आणि मूत्रपिंडं हे भोक. वजन केलं की पात्राचा अंदाज येतो. भोकाबद्दल काटा अवाक्षर सांगत नाही.

१९५९ साली अमेरिकी डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉलबद्दल जे प्रसिद्ध केलं ते वाचताना आजही पोटात गोळा येतो. दिवस पुरे न होता जन्मलेल्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून हे प्रभावी प्रतिजैविक दिलं जात होतं, रोज किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त. हिशेब वजनावरच होता, गुणाकारही चुकला नव्हता. पण बाळांची पोटं फुगायची, कातडी राखेसारखी करडी पडायची, रक्तदाब कोसळायचा आणि ती दगावायची. मोठ्या माणसाचं यकृत या औषधाला एक साखरेसारखा रेणू जोडून ते लघवीतून बाहेर काढण्याजोगं करतं. नवजाताच्या यकृतात ही जोडणी करणारं यंत्र अजून नीट सुरूच झालेलं नसतं. रोज नवा डोस पडत राहिला, बाहेर मात्र फारसं काही गेलं नाही. पुढे नवजातांसाठी हा डोस किलोमागे २५ मिलिग्रॅमवर आणला गेला. त्या बाळांच्या कातडीच्या रंगावरून त्या आजाराला जे नाव पडलं, ते आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतो, आणि त्यानं ते नुसतं पाठ करू नये असं मला मनापासून वाटतं.

पॅरासिटॅमॉलच्या वेळी हेच यकृत वेगळा मार्ग काढतं. साखर जोडणारं यंत्र मंद आहे ना, मग ते गंधकाचा रेणू जोडून काम भागवतं. तो कारखाना जन्मतःच चालू असतो.

चहातल्या कॅफीनची गोष्ट तर मी चहा पितानाच सांगते. मोठ्या माणसानं घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं साधारण पाच तासांत अंगातून जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तेवढंच व्हायला तीन-चार दिवस लागतात. अशी बाळं झोपेत मधूनच श्वास घ्यायला विसरतात, आणि त्यांना श्वासाची आठवण करून द्यायला अतिदक्षता विभागात हेच कॅफीन औषध म्हणून देतात, दिवसातून फक्त एकदा. त्याआधी या कामासाठी थिओफिलीन वापरत. तेव्हा कळलं की नवजातांचं यकृत थिओफिलीनचा काही भाग स्वतःच कॅफीनमध्ये बदलतं. मोठ्या माणसात असं जवळपास घडतच नाही.

आणि मग मूल दोन-तीन वर्षांचं होतं, आणि सगळं उलटतं. आता त्याचं यकृत अंगाच्या मानानं मोठ्यांपेक्षाही मोठं असतं आणि झपाट्यानं काम करतं. दम्याच्या चार वर्षांच्या मुलाला तेच थिओफिलीन किलोमागे मोठ्या माणसापेक्षा जास्त लागतं, कमी नाही. जन्माच्या वेळी सुईएवढं असलेलं भोक चार वर्षांत मोठ्यांच्या भोकापेक्षा सढळ झालेलं असतं, आणि वयात येताना ते पुन्हा बेतात येतं.

जेंटामायसिन या प्रतिजैविकात पात्र आणि भोक दोन्ही एकदम दिसतात. ते अंगातल्या पाण्यात पसरतं आणि मूत्रपिंडांवाटे जातं. नवजात बाळाच्या वजनात पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं, मोठ्यांत ते साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाळाचं पात्र वजनाच्या मानानं मोठं. पण मूत्रपिंडं अजून शिकाऊ, म्हणजे भोक बारीक. म्हणून रुग्णालयात एका वेळचा डोस किलोमागे चांगला भरगच्च देतात, पण दोन डोसांत अंतर जास्त ठेवतात. फार लवकर जन्मलेल्या बाळात दीड-दोन दिवसांचंही. याच जेंटामायसिनची इंजेक्शनं गडचिरोलीच्या खेड्यांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांनी नवजातांना झोपडीत जाऊन दिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं त्यांना बाळाचं वजन करायला, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला आणि मोजून इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटले. त्यात केवळ औषधाचा वाटा नव्हता. ऊब, स्तनपान, स्वच्छता हे सगळं होतं. पण वजनाचा काटा आणि सिरिंज रानातल्या झोपडीत पोचू शकतात, हे त्या बायकांनी सिद्ध केलं.

वजनाच्या सरळ गुणाकाराला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती दाखवायला एक हत्ती मदतीला येतो. १९६२ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीला एलएसडी टोचलं गेलं. मांजरांना किलोमागे किती सहन होतं ते पाहून सुमारे तीन टनांच्या हत्तीसाठी त्याच दरानं गुणाकार केला: २९७ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत हत्ती कोसळला आणि पावणेदोन तासांच्या आत मेला. त्याला वाचवायला दिलेल्या औषधांचाही त्यात हात होता का, यावर पुढे वाद झाला. पण गुणाकारातली खोट सगळ्यांना दिसली. त्याआधी तीस वर्षं मॅक्स क्लायबर यांनी दाखवलं होतं की प्राणी जसजसा मोठा होतो तसतशी त्याच्या प्रत्येक किलोची जीवनक्रिया मंदावत जाते. हत्तीचा एक किलो मांजराच्या एका किलोपेक्षा सावकाश जगतो.

मूल हे या शिडीवर खालच्या पायरीवर असतं. त्याचा किलो घाईनं जगतो. स्वयंपाकघरात हे तुम्ही पाहिलेलं आहे: किलोभर बारीक बटाटे सोलले की सालांचा ढीग पडतो, किलोभर मोठे बटाटे सोलले की मूठभर. लहान अंगाला वजनाच्या मानानं कातडी जास्त, उष्णता जास्त निसटते, आतली भट्टीही जास्त पेटती ठेवावी लागते. म्हणून कर्करोगाची बरीचशी औषधं किलोवर न मोजता कातडीच्या चौरस मीटरवर मोजतात. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हींचा गुणाकार, भागिले ३६००, आणि वर्गमूळ. १०० सेंटिमीटर आणि १६ किलोच्या मुलाचं उत्तर येतं ०.६७ चौरस मीटर. १६० सेंटिमीटर आणि ६४ किलोच्या त्याच्या आईचं १.६९. वजनात तो आईच्या पाव आहे, कातडीत जवळजवळ चाळीस टक्के.

आता पुन्हा विषाकडे, या वेळी कोकणातल्या लाल विंचवाकडे. त्याच्या दंशानं मुलांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जात, हृदयावर ताण येई, फुप्फुसांत पाणी भरे, आणि मुलं डोळ्यांदेखत जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर वापरली आणि चित्र पालटलं. प्राझोसिन विषाला हातही लावत नाही. ते मुलाच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. म्हणून इथे पुन्हा वजन आलं: किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. सापाच्या उताऱ्याला वजन नको, विंचवाच्या या गोळीला हवं. दोन्ही विषारी दंश, आणि हिशेब पूर्ण वेगळे.

बारा किलोला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३६ मिलिग्रॅम. इथे टिंब एक घर सरकलं तर डोस दहापट. मोठ्या माणसाच्या औषधात दहापट चूक बहुधा लगेच नजरेत भरते, कारण दहा गोळ्या कुणी एकदम गिळत नाही. मुलाच्या औषधात दहापट चूकसुद्धा एका छोट्या सिरिंजमध्ये मावते. म्हणून काळजीनं लिहिणारे डॉक्टर ०.५ लिहिताना टिंबाआधीचं शून्य कधी गाळत नाहीत, आणि ५ लिहिताना पुढे टिंब-शून्य कधी लावत नाहीत, नाहीतर ५.० चे घाईत ५० वाचले जातात. आणि मूल खूप जाड असलं तरी किलोचा गुणाकार मोठ्या माणसाच्या कमाल डोसाला पोचला की तिथेच थांबवतात.

घरच्या चमच्याबद्दल एकच सांगते. तुमच्या घरातले चार चहाचे चमचे घ्या आणि औषधाच्या सिरिंजनं त्यांत पाणी भरून बघा. मी केलं होतं. चौघांत एकमत नव्हतं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर हिशेब करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. बाकी मुलांसाठी एवढं करा: या आठवड्यात मुलाचं वजन करून घ्या, लसीकरणाच्या कार्डाच्या आतल्या पानावर तारीख घालून लिहा, आणि दर तीन महिन्यांनी ते खोडून नवं लिहा. रात्री अकराला डॉक्टरांना फोन कराल तेव्हा आधी तो आकडा सांगा, मग हातातल्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवा.